साडूचा नंबर

जेवायला बसल्यापासून साडूचा फोन तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा सुताराने उचललेला घास ताटात परत ठेवला.

साडूने डाव्या हाताने फोन उचलला, तिथल्या भाषेत दोन-तीन वाक्यं बोलला, मध्येच हसला आणि फोन ठेवून पुन्हा जेवायला लागला.

"कोण होतं?" सुताराने विचारलं. खरं तर विचारायचं नाही, असं ठरवूनच तो पाटाव... खुर्चीवर बसला होता. परदेशात येऊन साडेतीन महिने झाले तरी जेवणाच्या वेळी त्याला अजून पाटच आठवत असे.

"एक म्हातारे आहेत. बेसिन तुंबलंय. उद्या नऊला बोलावलंय."

"मग त्यात हसलात कशाला?"

"ते काहीतरी बोलले, म्हणून हसलो. गिऱ्हाईक बोललं की हसायचं. कळलं नाही तरी."

सुताराला हसायला काहीच हरकत नव्हती, पण त्यासाठी आधी गिऱ्हाईक बोलायला हवं होतं. त्याचा फोन ताटाशेजारी पालथा पडला होता. तो वाजला तर बायकोचाच असे, आणि बायको आत्ता शेजारी बसून बहिणीशी गप्पा मारत होती.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली साडूची, धाकटी सुताराची. साडू प्लंबर, आठ वर्षांपूर्वी इथे आलेला. सुतार आला तो बायको, दुसरीतली मुलगी, चार बॅगा आणि एक लोखंडी पेटी घेऊन. पेटीत रंधे, पटाश्या, करवती होत्या. मायदेशी त्याच्या हाताखाली तीन माणसं होती आणि दोन महिने आधी सांगितल्याशिवाय तो कुणाला साधं स्टूल करून देत नसे. इथे त्याने स्वतंत्र कारागीर म्हणून नोंदणी केली, शिक्क्याचा कागद मिळवला. बायकोने त्या कागदाला फ्रेम करायला लावली. या देशात त्याने केलेलं तेवढंच एक सुतारकाम.

साडूने त्यांच्यासाठी काय केलं नव्हतं? विमानतळावर घ्यायला आला, तीन महिने स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, मुलीला शाळेत घातलं, मागच्याच गल्लीत दोन खोल्या बघून दिल्या. उपकार करणाऱ्या माणसावर जळणं सोपं नसतं, पण सुताराने ते जमवलं होतं. साडूचे कामावरचे बूट, एका हाताने गाडी मागे घेण्याची त्याची पद्धत, रस्त्यात भेटणाऱ्या लोकांनी त्याला हात करणं, हे सगळं त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. सगळ्यात जास्त खुपत होती ती साडूची पांढरी व्हॅन. तिच्या अंगावर निळ्या अक्षरात नळाच्या कामाविषयी एक ओळ होती आणि खाली नंबर.

"येतील रे कामं," हात धुताना साडू म्हणाला. "मलाही पहिलं वर्ष असंच गेलं."

तो असं समजुतीने बोलला की सुताराच्या अंगाचा तिळपापड होई.

दुसऱ्या आठवड्यात सुताराने व्हॅन घेतली. जुनीच, पण पांढरी आणि साडूच्या व्हॅनपेक्षा वीतभर लांब. पाटीची कामं करणाऱ्या पेंटरकडे ती नेली आणि बोटांनी खाणाखुणा करून सांगितलं की अक्षरं मोठी हवीत.

"केवढी?" पेंटरने विचारलं.

सुताराने साडूच्या गाडीचा फोटो दाखवला. "याच्यापेक्षा मोठी."

"नाव काय घालू?"

सुताराने नाव सांगितलं. पेंटरने ते तीनदा ऐकलं, तीनदा वेगळं लिहिलं आणि शेवटी सुचवलं की नुसतं ‘सुतार’ लिहावं. लोकांना काम महत्त्वाचं. सुताराला ते पटलं.

"आणि नंबर?"

इथे घोटाळा झाला. पहिले तीन महिने सुताराकडे स्वतःचा फोनच नव्हता. नोंदणीच्या कचेरीत, शाळेत, दवाखान्यात, घरमालकाकडे, जिथे जिथे नंबर विचारला तिथे तिथे त्याने साडूचाच नंबर दिला होता. तो त्याने तिथल्या भाषेत घोकून पाठ केला होता आणि त्या भाषेतलं अडखळल्याशिवाय येणारं त्याचं ते एकमेव वाक्य होतं. स्वतःचा नंबर मिळून त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि या तीन आठवड्यांत तो कुणी विचारलाच नव्हता. पेंटरने ‘नंबर’ म्हटलं आणि सुताराच्या तोंडातून सवयीने साडूचा नंबर घडाघडा बाहेर पडला. पेंटरने तो गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागच्या दारावर, असा तीन ठिकाणी लिहिला. हिरव्या रंगात, हातभर उंच.

कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. बायकोच्या फोनमध्ये सगळे नंबर नावांनी साठवलेले होते. तिने गाडीचे फोटो काढून माहेरी पाठवले, तिथून कौतुक आलं. मुलीने एवढंच म्हटलं की शाळेसमोर गाडी लावू नका, सगळे बघतात. सुताराला लोकांनी बघावं असंच वाटत असल्याने तो रोज शाळेसमोर गाडी लावायला लागला. त्याआधी अर्धा तास तो ती साडूच्या खिडकीसमोर लावत असे.

साडू काही खाली आला नाही. खिडकीतूनच म्हणाला, "छान आहे." आणि आत गेला.

चार दिवस सुतार फोन मांडीवर ठेवून बसला. पाचव्या दिवशी त्याने बायकोला फोन लावायला लावला.

"वाजतोय का?" तिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"वाजतोय."

"मग बिघडलेला नाही. ठेवा आता."

त्याच संध्याकाळी साडू घरी आला. बसला, पाणी प्यायला, आणि जरा घुटमळून म्हणाला, "तुला वेळ आहे का?"

सुताराने कपाळावर आठ्या घालून, वेळ कुठे आहे का ते आठवल्यासारखं केलं. "बघावं लागेल. का?"

"दोन दिवसांपासून मला फोन येतायत. सुतारकामाचे. एका बाईंचं दार घासतंय, एकाला शेल्फ हवंय. म्हणतात, तुमची पांढरी गाडी बघितली."

"तुमची गाडी बघून? तिच्यावर तर नळाचं लिहिलंय."

"तेच ना," साडू म्हणाला. त्याने क्षणभर रिकाम्या पेल्यात बघितलं. "आठ वर्षांत नाव झालंय म्हण. लोकांना विश्वास वाटतो. नळ दुरुस्त करतो तो दारही करेल, असं वाटत असेल."

सुताराला त्या रात्री जेवण गेलं नाही. हातभर उंच अक्षरं लिहून आपला फोन मुका, आणि या माणसाकडे नळाची पाटी बघून लोक कपाटं मागतायत. पण घरात बसून राहण्यापेक्षा दार तासलेलं बरं, म्हणून सकाळी तो साडूच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसला. स्वतःची गाडी त्याने मुद्दाम बाजाराच्या चौकात लावून ठेवली. निदान चार माणसं वाचतील.

दार होतं एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं. उंच, शिडशिडीत बाई, चष्मा गळ्यात अडकवलेला. सुताराने दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, दोन खुर्च्यांवर आडवं ठेवलं आणि रंधा काढला. चार महिन्यांनी हाताला लाकूड लागलं होतं. भुशाचा वास आला आणि त्याला घटकाभर बरंही वाटलं. एवढ्यात मागून साडूचा आवाज आला.

"इथून जरा जास्त काढ."

सुताराने मान वर केली. साडू हाताची घडी घालून उभा होता. बाई त्याच्याकडे कौतुकाने बघत होत्या.

"कुठून?" सुताराने दात न उघडता विचारलं.

"म्हणजे, तुला वाटेल तिथून. त्या बघतायत, काहीतरी बोलायला नको का?"

दार बसलं. एका बोटाने ढकललं तर आवाज न करता मिटलं. बाईंनी ते सहा वेळा उघडून मिटून पाहिलं आणि साडूचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. सुताराला त्यांनी झाडू दिला.

पुढचे तीन आठवडे असेच गेले. साडूला फोन येत, साडू गिऱ्हाइकाशी बोले, हसे, मापं लिहून आणे, आणि सुतार काम करे. कामाचे सगळे पैसे साडू त्याच्याच हातात देत असे, स्वतः काही ठेवत नसे. हे तर सुताराला सगळ्यात जास्त लागलं. निदान लुबाडलं असतं तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

"भाऊजींनी किती मदत केली, नाही?" धाकटी एकदा म्हणाली.

"हो," सुतार म्हणाला आणि मुलीची पेन्सिल इतकी टोकदार तासली की ती मोडली.

मग त्याने ईर्ष्येला पेटून गाडी धुवायला सुरुवात केली. रोज पहाटे उठून तो तिला पुसे आणि आदल्या दिवसापेक्षा चांगल्या जागी नेऊन लावे. बाजाराच्या चौकातून ती पोस्टासमोर गेली, पोस्टासमोरून दवाखान्यासमोर, तिथून मोठ्या बागेच्या फाटकाशी. आणि गाडीची जागा जसजशी सुधारत गेली, तसतसे साडूचे फोन वाढत गेले. बागेसमोर गाडी लावली त्या दिवशी साडूला अकरा फोन आले. त्याचं नळाचं काम मागे पडायला लागलं. बेसिन पुन्हा तुंबलेल्या म्हाताऱ्यांना त्याने दोनदा उद्या येतो म्हणून सांगितलं. तो वाळला, त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं, आणि त्याचं हसणंही कमी झालं. सुतार मात्र ते बघत नव्हता. तो फक्त फोन मोजत होता.

अशातच शिक्षिकाबाईंचं पुन्हा बोलावणं आलं. त्यांना स्वयंपाकघरात भिंतीवर कपाट हवं होतं. साडूला त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला एक जिना बघायला जायचं होतं, म्हणून सुतार पहिल्यांदाच एकटा, स्वतःच्या गाडीतून निघाला. गाडी त्याने बाईंच्या खिडकीखालीच लावली.

कपाट तयार होतं. भिंतीत चार भोकं पाडायची, चार स्क्रू मारायचे, की काम संपलं. तीन भोकं नीट पडली. चौथं भोक पाडताना ड्रिल एकदम सैल पडलं आणि भिंतीतून पाण्याची धार सुताराच्या थेट तोंडावर आली. त्याने पटकन अंगठा लावला. धार थांबली, पण अंगठा जरा हलला की छताकडे उडत होती.

बाई धावत आल्या.

"बाई, भिंतीतून पाणी येतो," सुतार तिथल्या भाषेत म्हणाला.

"पाणी येतं," बाईंनी सुधारलं. चाळीस वर्षांची सवय, त्यांच्याही नकळत तोंडातून निघत असावं. मग त्यांनी त्याच्या पायाखाली बादली सरकवली.

"पाणी बंद करायचा मेन कॉक कुठे?" सुताराने विचारलं.

"तळघरात. किल्ली शेजाऱ्यांकडे आहे आणि शेजारी संध्याकाळी येतात. थांबा, मी तुमच्या साहेबांना फोन लावते. ते नळाचंही काम करतात ना?"

साहेब हा शब्द सुताराने पाण्याबरोबर गिळला. बाईंनी फोन लावला. लाइन बिझी होती. त्यांनी सुताराच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि पुन्हा लावला. पुन्हा बिझी. सुताराला कारण माहीत होतं. कुणीतरी खुर्ची, नाहीतर दार, नाहीतर पलंग मागत असणार.

"त्यांचा दुसरा नंबर नाही का?"

"नाही. एकच आहे." आणि चुकीचा लागत असेल म्हणून त्याने तो म्हणून दाखवला. घडाघडा, न अडखळता.

"तोच लावतेय मी," बाई म्हणाल्या. "पाठच झालाय. तुमच्या गाडीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलाय."

"माझा गाडीवर नाही. तो त्यांचा गाडी. माझा गाडीवर माझा नंबर."

"माझ्या गाडीवर," असं म्हणत बाई खिडकीशी गेल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला. खाली वाकून त्या एकेक आकडा वाचायला लागल्या, वर्गात शुद्धलेखन घालावं तशा सावकाश. चौथ्या आकड्याला सुताराने मान खिडकीकडे वळवली. शेवटच्या आकड्याला त्याचा अंगठा हलला आणि धार छतावर जाऊन आली.

"परत वाचा," तो म्हणाला.

बाईंनी परत वाचलं. या वेळी तोही त्यांच्याबरोबर पुटपुटत होता.

"तुमचे उच्चार चांगले आहेत," बाई म्हणाल्या.

सुतार भिंतीला अंगठा लावून उभा राहिला आणि त्याला एकेक काम आठवायला लागलं. हे दार, ते शेल्फ, तो जिना. अकरा फोन. सगळे त्याचे होते. तीन आठवडे तो ज्याच्यावर जळत होता, ते त्याचंच यश होतं. धावत जाऊन गाडीचं ते दार बघावं असं त्याला फार वाटलं, पण अंगठा सोडता येत नव्हता. तसाच चाळीस मिनिटं उभा होता तो. बाईंनी तेवढ्यात त्याला षष्ठी विभक्ती समजावून सांगितली.

शेवटी फोन लागला आणि पंधरा मिनिटांत साडू आला. घराच्या मागच्या बाजूने तळघराची झडप कशी उघडायची हे त्याला नुसतं बघून कळलं. पाणी बंद केलं, भिंत बेताची फोडली, पाइपचा तुकडा कापला, नवा जोडला, आणि हे सगळं इतक्या सफाईने की सुतार ओल्या कपड्यांत उभा राहून बघतच राहिला. साडूला काम करताना त्याने आजवर कधी पाहिलंच नव्हतं. चांगला हात होता. त्याचाही त्याला थोडा हेवा वाटलाच.

कपाट बसवून दोघं खाली आले. साडूने आपली गाडी सुताराच्या गाडीच्या बरोबर मागे लावली होती. बूट काढून पाणी ओतण्यासाठी सुतार साडूच्या गाडीच्या पुढच्या बंपरवर बसला. साडूही शेजारी बसला. सुताराच्या व्हॅनच्या मागच्या दारावरचे हातभर उंच आकडे दोघांच्या नाकासमोर होते.

"गाडी लावताना वाचला," साडू म्हणाला. "आधी वाटलं, ओळखीचा कसा काय वाटतोय."

"माझ्याकडून चुकून दिला गेला. पण तुम्हाला महिनाभरात दिसला नाही? रोज तुमच्या खिडकीखाली तर लावत होतो."

साडूने बुटाच्या नाडीशी चाळा केला. "बघवत नव्हती मला ती गाडी."

"काय?"

"एवढी मोठी अक्षरं. आल्या आल्या चार महिन्यांत. मी मान वळवूनच जायचो. आणि मग ते फोन सुरू झाले. उचलला फोन की सुतार पाहिजे. नळाचं कुणी विचारेना. मला वाटलं, या लोकांना वासाने कळलं की काय, माझ्या घरात सुतार येऊन राहिलाय म्हणून."

"तुम्ही तर म्हणालात, आठ वर्षांत नाव झालंय."

"मग काय म्हणणार? तुझ्यासमोर रडू?"

सुताराने दुसरा बूट उलटा केला. त्यातून बरंच पाणी निघालं.

"तुला सासऱ्यांच्या घराचं दार आठवतं?" साडूने विचारलं.

आठवत होतंच. लग्नाच्या वर्षी सुताराने सासऱ्यांच्या नव्या घराला सागवानी दार करून दिलं होतं, वेलबुट्टीचं.

"त्या घरातला प्रत्येक नळ, प्रत्येक पाइप मी घातलाय. वरच्या टाकीपासून मोरीपर्यंत. वीस दिवस खपत होतो. आणि येईल त्या पाहुण्याला सासूबाई काय दाखवतात? दार. बोटाने वाजवून दाखवतात. धाकट्या जावयाने केलं म्हणतात. पाइप भिंतीत असतात, ते कोण बघणार? पाहुण्यांसाठी भिंत फोडतील का त्या?" मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ते दार बसलं त्याच वर्षी मी पासपोर्ट काढला."

एका दारापायी माणूस देश सोडून गेला, हे सुताराला हळूहळू समजत होतं. कपडे अंगाला चिकटले होते, अंगठा बधिर झाला होता, आणि इथे आल्यापासून इतकं छान त्याला कधीच वाटलं नव्हतं. ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्याने बुटात डोकावून बघितलं.

"मग आम्हाला बोलावलंत कशाला?"

"मी कुठे बोलावलं? थोरलीने बोलावलं. तिला बहीण जवळ हवी होती."

"मग आता काय करणार?" सुताराने शक्य तितक्या सहानुभूतीने विचारलं.

साडूने त्या मोठ्या हिरव्या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"आता अजून लांब कुठे जाणार?" तो म्हणाला. "पोरांच्या शाळा आहेत."